आईची दहा वर्षं

१२ एप्रिल, सोमवार

पंच्याऐंशीच्या वरच्यांना आजपासून लस! सहाच्या बातम्यांत सांगितलं. दूध आणायला गेले तर आरोग्य केंद्राच्या दारात खुर्च्यांची रांग – लोकांनी घरूनच आणलेल्या. वेताच्या, लाकडी, एक तर चर्चमधली दिसत होती. मोजल्या. एकतीस. आपल्या एवढ्याशा गावात पंच्याऐंशी ओलांडलेली एकतीस माणसं आहेत, हे ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती मांदिओकाचे कंद सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय त्याचं? मी चौऱ्याहत्तरची."

खरं आहे. ओळखपत्रावर २० ऑगस्ट १९४६. म्हणजे आधी पंच्याऐंशीचे, मग ऐंशीचे, मग पंच्याहत्तरचे, मग सत्तरीतले – तेव्हा आई. दर आठवड्याला एकेक पायरी उतरले तरी मे उजाडणार. मे म्हणजे आमच्याकडे थंडी. थंडी म्हणजे तिचा दमा. गेल्या वर्षीच्या थंडीत दोन महिने ती बसून झोपली आहे.

मारियामाते, पायऱ्या भराभर उतरव.

१५ एप्रिल, गुरुवार

नवऱ्याचा, सेव्हेरोचा फोन. ब्वेनोस आइरेसमध्ये इमारतीचं काम बंद, सीमा बंद, तो आणि आणखी पाचजण एका खोलीत. स्वतःचं काही सांगत नाही. आधी विचारतो, "सासूबाईंना टोचलं का?" त्याला कसं सांगू, अजून आमची पायरीच आलेली नाही. माझा नंबर तर फारच लांब. अठ्ठावन्न म्हणजे सध्या तरुणच!

१९ एप्रिल, सोमवार

ऐंशीचे सुरू झाले. देओलिंदा आत्या – बाबांची बहीण, दोन घरं सोडून राहते – सकाळी पहिल्या दहात टोचून आली आणि थेट आमच्या कुंपणापाशी. बाही वर करून कापूस दाखवला. तेरेरेचा, थंड काढ्याचा, पेला स्वतःचा वेगळा घेऊन आली होती, कारण आता एकच नळी सगळ्यांनी ओढायची नाही. कुंपणापलीकडे उभी राहून चोखत होती आणि बोलत होती.

"घाबरायचं काही नाही वहिनी. मुंगी चावल्यासारखं. माझ्या वयाला पोचलीस की तुलाही देतील."

आई आत गेली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. आत्या पहिल्यापासून तिला असंच बोलते. तू लहान आहेस, तू उठ, तू पाणी आण. माझ्या आठवणीत तरी आईने कधी उलट शब्द काढला नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

लस संपली. केंद्राच्या दारावर कागद चिकटवला आहे – पुढची सूचना मिळेपर्यंत थांबावे. पंच्याहत्तरचे सुरूच झाले नाहीत. तारीख नाही, सही नाही. निदान सही तरी करायची.

२८ एप्रिल, बुधवार

समोरचे चांभार इरेनेओ गेले. शहात्तर वर्षांचे. कार्ड नीट, नाव यादीत, खुर्चीसुद्धा दाराशी काढून ठेवलेली. मोठ्या इस्पितळात पलंग नव्हता, व्हरांड्यात अकरा तास बसवून ठेवलं म्हणे. औषधाच्या पैशांसाठी पोरांनी अंगणात कोंबड्या भाजून ताटं विकायला काढली होती. आम्ही दोन घेतली. ताटं घरी आली तेव्हा ते गेलेले होते, पण पोरांना अजून कळवलेलं नव्हतं. धाकटा लिंबाच्या फोडी मोजून देत होता.

आईने ताटाला हात लावला नाही. तिच्या छातीतून आजपासून शिट्टी येऊ लागली आहे. बारीक, पण मला ऐकू येते.

२ मे, रविवार

रंगाचे हात धुतले आणि थेट लिहायला बसले.

उद्या क्रुसाचा सण. म्हणून कबरस्तानात गेले, आजीच्या – आईच्या आईच्या – क्रुसाला रंग द्यायला. दरवर्षी जुन्यावरच नवा हात मारते. या वेळी डब्यात पांढरा रंग तळाला होता. नवा डबा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून आधी सुरीने जुने पापुद्रे खरवडले, म्हणजे एका हातात भागेल. सहा-सात थर निघाले. खाली लाकडात अक्षरं कोरलेली. मला ती कधी दिसलीच नव्हती.

आजीचं नाव – एमेरेन्सियाना. खाली मृत्यू. नोव्हेंबर १९४४.

तीन वेळा वाचलं. बोट फिरवून पाहिलं. चार आणि चार.

आई जन्मली १९४६ला. मग ती कोणाच्या पोटी? जी आई दोन वर्षं आधीच मातीत गेली होती, तिच्या? आणि आजी ओढ्यावर बसवून तिच्या वेण्या घालायची, हे तर आईने मला शंभरदा सांगितलं आहे. कोणती वेणी, कोणत्या रंगाची फीत, सगळं.

मी मॅट्रिक झालेली बाई. दहा घरांच्या बायका मला कागद वाचायला बोलावतात. आणि घरातली साधी वजाबाकी अठ्ठावन्न वर्षं केली नाही!

३ मे, सोमवार

क्रूस सजवला. चिपा – चीज घातलेल्या कडक रोट्या – भाजल्या, दोऱ्यात ओवून टांगल्या, शेंगदाण्यांच्या माळा घातल्या. एरवी प्रार्थना झाली की शेजारी तोडून तोडून खातात. यंदा मी पिशव्या भरून कुंपणावर ठेवल्या आणि ज्याने त्याने उचलून नेल्या. सण झाला म्हणायचं.

सगळे गेल्यावर आईजवळ बसले. म्हटलं, "आई, आजी चव्वेचाळीस साली गेली."

ती शेंगदाण्याची टरफलं एका ठिकाणी गोळा करत राहिली. मग म्हणाली,

"एवढं खरवडायची काय गरज होती?"

आणि मग सांगितलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. बाबांशी लग्न ठरलं तेव्हा बाबा वीस वर्षांचे आणि ती सव्वीस. सव्वीसची कुमारिका म्हणजे त्या काळी कोणी न उचललेली. तिच्याकडे कागद एकही नव्हता. लग्नाआधी ओळखपत्र करायला गेले तर कारकुनाने वय विचारलं आणि मागे होणारी सासू उभी! तोंडातून निघालं, सोळा. कारकुनाने चष्म्यावरून एकदा पाहिलं. ती अंगाने बारकी, उंचीला बेताची. त्याने लिहून टाकलं. बाबांना तिने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं. बाबा इतके हसले की शेजारच्या खोलीतून सासूने काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

म्हणजे आई चौऱ्याऐंशीची आहे.

राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. काल हिनेच दहा किलो पीठ मळलं. माझी मुलगी ब्लांका झाली तेव्हा माझ्या बाळंतपणाला ही चार कोस चालत आली होती, डोक्यावर कोंबड्यांची टोपली घेऊन. तेव्हा मी म्हटलं होतं, तुला काय झालंय, चाळिशीचीच आहेस. होती पन्नाशीची! जन्मभर हिने दहा वर्षं जास्तीची उचलली आणि कोणाला कळू दिलं नाही.

आणि हिची पायरी आधीच येऊन गेली. ऐंशीच्यांची.

४ मे, मंगळवार

नाही म्हणते.

मी सकाळपासून मागे लागले. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव असेल, फादरकडून दाखला आणू, केंद्रावर दाखवू. ती म्हणते, दाखला केंद्रावर गेला की गावात गेला. आणि गावात गेला म्हणजे देओलिंदाकडे गेला. साठ वर्षं तिची लहान वहिनी म्हणून राहिले, आता तिने मला थोरली म्हणायचं? तिच्या भावाला फसवलं म्हणणार. कबरीतल्या माणसाची चेष्टा होईल.

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की इरेनेओंची खुर्ची अजून दाराशी आहे, बघ जाऊन.

म्हणाली, "मला चौऱ्याहत्तरचीच पुरा."

दुपारी दोघी वेगवेगळ्या जेवलो.

६ मे, गुरुवार

चुलीसाठी लाकडं आणताना आई अंगणात खाली बसली. ओठ निळसर. पंपाचे चार झोत दिले. अर्ध्या तासाने श्वास मोकळा झाला. मी पाठ चोळत होते आणि मनात जपमाळ चालू – कोणत्या मण्यावर होते, कळत नव्हतं.

श्वास आल्यावर तिने माझा हात बाजूला केला. केस सारखे केले.

"जा. बघून ये वही."

एवढंच. मी पायांत चप्पल घातली तेव्हा मागून म्हणाली, "पण फादरला सांग, मोठ्याने वाचू नका."

७ मे, शुक्रवार

आईच्या माहेरच्या गावची जुनी वही तिथल्याच चॅपलात आहे. फादर विल्फ्रिदोंनी आपल्या खटारा गाडीतून नेलं. खिडक्या उघड्या, दोघांच्या तोंडाला मुखपट्टी, धूळ सगळी माझ्या केसांत. त्यांनी कपाटातून वही काढली. पानं वाळवीने खाल्लेली. १९३४चा अर्धा भाग तर नुसती जाळी.  पस्तीस जरा बरं. छत्तीस – सप्टेंबर – तिथे होती! शाई तपकिरी झालेली, पण अक्षर मोठं आणि सरळ. बेर्नार्दा, एमेरेन्सियानाची मुलगी, जन्म २० ऑगस्ट, संत बेर्नार्दोच्या दिवशी, म्हणून ते नाव. तारीख खरी सांगितली होती हो तिने! फक्त साल बदललं.

मला हुंदका आला. फादरांनी पेन काढलं. नंतर दाखला लिहिता लिहिता म्हणाले की या वह्या ते महिन्यातून दोनदा तरी उघडतात आणि बायकांची वयं कार्डापेक्षा कमी कधीच निघत नाहीत.

घरी आल्यावर आईने दाखला हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तरी पुष्कळ वेळ बघत होती. विचारलं, "माझ्या आईचं नाव कुठे आहे?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने आपलं बोट तिथे ठेवलं.

१० मे, सोमवार

केंद्रावर गेले. नर्स सुनिल्दा – माझ्या ब्लांकाच्या वर्गातली – डोळे सुजलेले, आवाज बसलेला. दाखला वाचला आणि खुर्चीत मागे टेकली. म्हणाली की मावशी, मी तुमच्यावर विश्वास ठेवते, पण संगणकात कार्डाचा नंबर टाकला की तो चौऱ्याहत्तरच सांगतो आणि पुढे जाऊच देत नाही. कार्ड दुरुस्त करायला राजधानीला अर्ज, तिथे महिने.

मी उठले नाही. मागे रांग होती, लोक खाकरत होते, तरी उठले नाही. म्हटलं, महिने आमच्याकडे नाहीत. सुनिल्दा आत डॉक्टरांशी बोलायला गेली. परत आली ती हे घेऊन – ऐंशीच्या वरचे जे चुकले त्यांच्यासाठी साठ डोस आले आहेत. शुक्रवार, एकवीसपर्यंतच. उरलेले दुसऱ्या गावाला जातील. तोवर गावच्या न्यायाधीशांचा कागद आणला तर डॉक्टर वेगळ्या पानावर हाताने नोंद करतील.

अकरा दिवस!

१२ मे, बुधवार

न्यायालयाच्या कारकुनाने दाखला उलटसुलट केला. चांगला आहे म्हणाला, पण एकटा चालत नाही. शपथेवर सांगणारा साक्षीदार हवा. पोटचं मूल चालणार नाही. सत्तरीच्या वरचा आणि लग्नाआधीपासून ओळखणारा.

घरी येऊन कागद घेतला आणि नावं लिहिली. आईच्या मैत्रिणी, शिवणाच्या बाई, लग्नात मेणबत्ती धरणारे. एकेकाच्या पुढे काट मारत गेले. तीन तर याच वर्षी गेले. शेवटी एकच नाव उरलं.

आईला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

१३ मे, गुरुवार

 संध्याकाळी आईने निळं पोलकं काढून इस्त्री केली. बाह्यांना दोनदा.

१५ मे, शनिवार

मातृदिन. ब्लांकाचा राजधानीतून, असुन्सियोनहून सकाळीच फोन. तिला काही सांगितलं नाही.

दहाला आई निळं पोलकं घालून निघाली. मी तिची खुर्ची घेऊन मागून. दोनच घरं, पण ती दोनदा थांबली. श्वासासाठी की कशासाठी, विचारलं नाही.

आत्या अंगणात मका सोलत होती. उठली नाही. आम्ही चार हात लांब खुर्ची मांडली. आई बसली, मुखपट्टी नीट केली. वाटलं होतं, ती आधी हवापाण्याचं बोलेल. नाही. सरळच सांगितलं. देओलिंदा, मी तुझ्या भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी होते. तुझ्यापेक्षा चार. कार्डावर खोटं आहे. तुझ्या आईसमोर मी खोटं बोलले. आता न्यायालयात तुझी शपथ लागते. देणार नसशील तर आत्ताच सांग, मी परत जाते.

आत्या मका सोलत राहिली. एक कणीस झालं. दुसरं उचललं.

"सव्वीस," ती म्हणाली. "सव्विसावं संपत आलं होतं तुझं. माहीत आहे मला."

मला वाटलं, आई खुर्चीतून पडते.

तेव्हा कळलं की आजी – म्हणजे बाबांची आई – लग्नाच्या आधीच आईच्या माहेरच्या चॅपलात जाऊन वही बघून आली होती. सोबत आत्या, तेव्हा एकवीस-बावीसची. पाद्र्याने पान उघडून दाखवलं. परत येताना आत्याने विचारलं की आता लग्न मोडायचं का. आजी म्हणाली, पोरगा हिच्यामुळे दारूच्या गुत्त्यावर जायचा थांबला आहे. तिला लहान राहायचं असेल तर राहू दे, कामाला वाघीण आहे. आणि कारकुनासमोर ती मागे उभी होती ना, तेव्हा हसू दाबत होती!

आई म्हणाली, "मग साठ वर्षं मला लहान-लहान म्हणून राबवलंस ती?"

"मग काय करू? वाटलं होतं, एक दिवस वैतागशील आणि अंगावर ओरडून खरं सांगशील. पाणी आणायला लावलं, तू आणलंस. पाय चेपायला लावले, चेपलेस. मीच थकले, वहिनी. तू काही बोलेनास."

 आईचे खांदे हलू लागले. मला वाटलं दम लागला, पंप काढला. ती हसत होती. आत्याही. दोघी चार हातांवरून, मुखपट्ट्यांच्या आत, डोळ्यांतून पाणी येईतो. मग आईने हात पुढे केला आणि म्हणाली,

"देओलिंदा, ऊठ. पाणी आण मला."

आत्या उठली. पेला घासून, धुऊन, पाणी आणून दिलं.

मी आज पन्नास वर्षं ही दोन घरं बघते आहे. आज पहिल्यांदा मला त्यांच्यात बसल्याचा अभिमान वाटला.

१७ मे, सोमवार

आत्याने शपथेवर सांगितलं. जेवढं विचारलं त्याहून पुष्कळच जास्त. कारकून म्हणाला की बाई, दारूच्या गुत्त्याचं लिहायची गरज नाही. आत्या म्हणाली, लिहा, तेच कारण आहे. न्यायाधीशबाईंनी सही केली, शिक्का मारला. आईने अंगठा उमटवला आणि अंगठ्याची शाई पुसायला कपडा दिला तर घेतला नाही. तशीच घरी आली.

२० मे, गुरुवार

झालं! पहिला डोस.

सगळं नीट लिहून ठेवते, पुढे आठवायला.

साडेपाचला खुर्ची घेऊन गेलो. थंडी होती, आईला माझी शाल आणि तिची शाल, हातात काठी. रांगेत चौतीस. आत्या सोबत आली होती, तिचं काही काम नसताना. कोण पुढे कोण मागे ते बघत उभी होती, जणू तिचंच केंद्र.

आता गर्दी होऊ नये म्हणून सुनिल्दा भोंग्यावर नाव पुकारते. नाव आणि वय, दोन्ही. हे मला ठाऊक नव्हतं! पहिलं नाव पुकारलं. रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. बेकरीवाला दारात उभा, दूधवाला थांबलेला, चर्चच्या पायरीवर अर्धं गाव. मी आईला हळूच म्हटलं, मी आत जाऊन सांगते, वय नको म्हणून. तिने माझं मनगट धरलं. घट्ट.

"बेर्नार्दा आयाला, हिमेनेसांची विधवा! चौऱ्याऐंशी वर्षं!"

 चर्चच्या पायरीवर कोणीतरी म्हणालं, किती म्हणाली? चुकून म्हणाली. चौऱ्याहत्तर असेल.

आई उभी राहिली. काठी मला दिली. मुखपट्टी खाली केली – करायची नाही, तरी केली – आणि पायरीकडे तोंड करून म्हणाली, "चौऱ्याऐंशी. बरोबर ऐकलंत."

आणि काठीशिवाय आत गेली. सरळ. माझ्या लग्नात ती अशी चालली होती.

मी बाहेर तिची काठी घेऊन उभी. लाज वाटेल, असं जन्मभर जिला वाटत होतं ती आत बाही वर करत होती, आणि लाजेचं नावही नव्हतं कुठे. बेकरीवाला मला म्हणाला की तुझी आई साठीचीही दिसत नाही. हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "साठ जरा कमीच सांगितले." पण घरी येईपर्यंत दोनदा विचारलं, नक्की काय म्हणाला तो.

हात दुखतो म्हणते. ताप नाही. देवा, आज मी काहीच मागत नाही.

२१ मे, शुक्रवार

सकाळपासून तीन बायका येऊन गेल्या. एकेकट्या, मागच्या दाराने. फादर विल्फ्रिदो वही कोणत्या वारी उघडतात, एवढंच विचारायला. नावं इथेही लिहीत नाही.

१७ जून, गुरुवार

दुसऱ्या डोसाचा दिवस. केंद्राच्या दारावर पुन्हा तोच कागद. आला नाही. कधी येईल माहीत नाही. मयताची घंटा रोज वाजते आहे, काल तीनदा. शेजारच्या वस्तीत घराघरात आजारी. मी आईला अंगणाबाहेर सोडत नाही. बाजार, औषध, पाणी सगळं मी. आत आले की बाहेरच कपडे बदलते, हात कोपरापर्यंत धुते.

आई म्हणते, अर्धी लस म्हणजे माझी बेचाळीस वर्षं तरी वाचली.

२५ जून, शुक्रवार

दुसरा डोस! आठ दिवस उशिरा, पण झाला. सुनिल्दाने हाताने लिहिलेल्या पानावर बरोबरची खूण केली आणि तेच पान मला दाखवलं. आता त्या पानावर एकोणीस नावं आहेत. सगळी बायकांची. सगळ्यात वर आई.

डॉक्टर म्हणाले, आजपासून चौदा दिवस गेले की बाई निर्धास्त.

९ जुलै, शुक्रवार

सकाळी माते पानांचा काढा उकळून सांडला, करपला, घरभर धूर. आई आतून ओरडली तेव्हा कळलं. मला वास आलाच नाही. साबण नाकाला लावून पाहिला. काहीच नाही. दुपारी केंद्रावर तपासणी. झालाय.

आईचा आज चौदावा दिवस.

मला ताप आहे, आईला नाही. तिने माझी गादी मागच्या खोलीत घातली, उंबऱ्यावर ताट ठेवलं, आणि बाहेर खुर्ची टाकून बसली आहे. म्हटलं, आई, लांब जा. म्हणाली, "तू पड. मला आता काही होत नाही."

दार लावून घेतलं. पलीकडून तिची जपमाळ ऐकू येते आहे.